जुन्या कॅबिनेटमध्ये दुसरी हार्ड डिस्क पक्की कशी बसवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००९ च्या सुमारास जोडून घेतलेला डेस्कटॉप, जी३१ चिपसेटचा (बोर्डवरच्या मुख्य चिपांच्या संचाचा) मदरबोर्ड, आत १६० जीबीची साटा (अरुंद केबलनं जोडायच्या पद्धतीची) हार्ड डिस्क. तिच्या जोडीला घरच्या फोटोंसाठी २ टीबीची साडेतीन इंची नवी डिस्क आणली आहे. डिस्क बसवायच्या पत्र्याच्या पिंजऱ्यात खाली एक खण मोकळा आहे, पण डिस्क आत सरकवल्यावर उजव्या बाजूची भोकं दिसतच नाहीत. दुकानदाराचा सल्ला असा, की एका बाजूनं दोन स्क्रू मारा, नाहीतर तळाशी थर्माकोलवर ठेवून द्या, काही होत नाही. शिवाय एसएमपीएसमधून (वीज पुरवणाऱ्या डब्यातून) साटाची पॉवर पिन एकच येते आणि ती जुन्या डिस्कला लागलेली आहे. तर हे सुरक्षितपणे कसं करायचं, आणि जुन्या डिस्कचं पुढे काय करायचं?

थर्माकोलचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. एका बाजूच्या दोन स्क्रूंचं उत्तर 'फोटो उतरवण्यापुरतं चालेल, कायमचं नको' असं आहे. आता कारणं.

डिस्क खाली पडू नये एवढ्यासाठीच स्क्रू असतात, हा समज चुकीचा आहे. आतल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यापासून काही नॅनोमीटर वर तरंगतं. माहितीच्या रेघा इतक्या बारीक असतात की बाहेरचं कवच थरथरलं तरी डोकं रेघेवरून ढळतं. मग डिस्क पुन्हा प्रयत्न करते, तबकडीचा आणखी एक फेरा होईपर्यंत थांबते, आणि तुम्हाला फक्त 'संगणक मंद झाला' एवढंच जाणवतं. चारही स्क्रू नीट बसले की डिस्क आणि पिंजरा मिळून एकच जड वस्तू होते आणि थरथर दबते. दुसरं काम उष्णतेचं. डिस्कच्या ॲल्युमिनियमच्या कुशीतून उष्णता स्क्रूवाटे आणि पत्र्यावाटे बाहेर जाते. थर्माकोल नेमकी हीच वाट बंद करतं, वर घासलं की स्थिर विद्युतही तयार करतं. तिसरं काम म्हणजे साटाच्या प्लास्टिकच्या जिभेवर डिस्कचं वजन येऊ न देणं. साडेतीन इंची डिस्क साधारण ४०० ते ७०० ग्रॅमची असते. सैल डिस्क कॅबिनेट हलवताना सरकली की ती जीभ तुटते, आणि ती तुटली की डिस्क आतून ठणठणीत असूनही निरुपयोगी होते.

दुहेरी चिकटपट्टीचा उपायही बरेच जण सुचवतात. डिस्क ४०-४५ अंशांवर तासन्‌तास चालते, त्या उबेनं पट्टीचा गोंद मऊ होतो आणि डिस्क हळूहळू खाली ओघळते. ५०-६० ग्रॅमची एसएसडी पट्टीनं चिकटवली तर माझी हरकत नाही, तिच्यात फिरणारं काही नसतं. फिरत्या डिस्कला मात्र स्क्रूच हवेत.

पुढचं सगळं तुमच्या पिंजऱ्याच्या घडणीवर अवलंबून आहे आणि तो मला दिसत नाही. म्हणून झाकण उघडाल तेव्हा सर्वांत आधी एक गोष्ट करा. कॅबिनेटची डावी बाजू आपण नेहमी उघडतो. उजवी, म्हणजे मदरबोर्डच्या पाठीमागची बाजू, सहसा कोणी उघडत नाही. मागचे दोन स्क्रू काढून तोही पत्रा सरकवा. बहुतेक साध्या कॅबिनेटमध्ये उजव्या बाजूची भोकं तिथून सरळ दिसतात, आणि तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. काही कॅबिनेटमध्ये पिंजरा एका खटक्यानं किंवा दोन स्क्रूंनी अख्खा बाहेर निघतो. तसं असेल तर उत्तमच. पिंजरा टेबलावर घ्या, डिस्क त्यात बसवा आणि मग परत लावा. तिसरा प्रकार रिव्हेट मारलेल्या पिंजऱ्याचा, ज्याची उजवी भिंत मदरबोर्डच्या पत्र्याआड जाते. तिथे त्या खणाचा नाद सोडून वरच्या सीडी ड्राइव्हच्या मोकळ्या खणात डिस्क बसवायची. त्याबद्दल पुढे सांगतो.

मात्र झाकण उघडण्याआधी १६० जीबीच्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं बाहेर कुठेतरी उतरवून घ्या. पेनड्राइव्ह चालेल, शेजाऱ्याची पोर्टेबल डिस्क चालेल. इतकी वर्षं एका जागी बसलेल्या डिस्कला धक्का लागण्याची शक्यता आजच सर्वांत जास्त आहे, आणि नवीन डिस्क बसवताना जुनी गमावणं हाच या कामातला खरा धोका आहे.

मग संगणक बंद करा, एसएमपीएसच्या मागचा स्विच बंद करा आणि पॉवर केबल सॉकेटमधून काढून टाका. केबल लागलेली आणि तो स्विच चालू असेपर्यंत, संगणक बंद असला तरी, मदरबोर्डवर ५ व्होल्टचा राखीव पुरवठा चालू असतो. बोर्डवर बारीक दिवा जळत असेल तर तो त्याचाच. केबल काढल्यावर पुढचं पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये उरलेलं निघून जाईल. 'अर्थिंगसाठी केबल लावून ठेवा' असाही सल्ला मिळतो. सॉकेटच्या अर्थिंगची खात्री असेल तर त्यात तथ्य आहे. आपल्याकडच्या किती घरांत ती खात्री देता येते?

त्याची परीक्षा तुम्ही नकळत केलेलीच असेल. संगणक चालू असताना कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लावलं की झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही कॅबिनेटला जोडलेले असतात. जमिनीकडे जाणारी तार नसली की कॅबिनेट २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण चालू संगणकात साटाची किंवा मोलेक्सची (जुन्या पद्धतीची चार पिनांची पॉवर जोडणी) पिन काढ-घाल करायला ही परिस्थिती अजिबात योग्य नाही. इलेक्ट्रिशियनकडून ते सॉकेट दुरुस्त करून घ्या. हा खर्च डिस्कपेक्षा कमी आणि जास्त महत्त्वाचा आहे.

स्थिर विद्युत हा वेगळा मामला. कोकणात पावसाळ्यात तिची फारशी काळजी नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत, सिंथेटिक कपड्यांत, ती खरी असते. मनगटाचा पट्टा नसला तरी चालतं. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावा, डिस्कची चंदेरी पिशवी न उघडता तिथेच टेकवा, आणि मग डिस्क बाहेर काढा. डिस्क दोन्ही कडांनी धरायची, खालच्या हिरव्या सर्किटला बोटं लावायची नाहीत. आणि ती चंदेरी पिशवी खाली अंथरून त्यावर डिस्क चालवून पाहायची नाही. त्या पिशवीचा पृष्ठभाग थोडी वीज वाहून नेतो.

डिस्क टेबलावर ठेवताना आपटू नका. बंद डिस्क बराच धक्का सोसते, पण कठीण लादीवर दोन-तीन सेंटिमीटरवरून पडली तरी क्षणिक धक्का आपल्याला वाटतो त्याच्या कितीतरी पट असतो. खाली जाड टॉवेल किंवा वर्तमानपत्रांचा थर ठेवा. बसवण्यापूर्वी वरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. मॉडेल आणि सिरीयल नंबर पिंजऱ्यात गेल्यावर दिसत नाही आणि वॉरंटीच्या वेळी नेमका तोच लागतो.

आता स्क्रू. सगळ्यात जास्त डिस्क इथेच खराब बसतात. संगणकाच्या डब्यात दोन प्रकारचे स्क्रू एकमेकांत मिसळलेले असतात. जाड आट्यांचा ६-३२, व्यास साधारण साडेतीन मिलिमीटर, आटे ०.८ मिलिमीटर अंतरावर. बारीक आट्यांचा एम३, व्यास ३ मिलिमीटर, आटे अर्ध्या मिलिमीटरवर. साडेतीन इंची हार्ड डिस्कला ६-३२ लागतो. सीडी ड्राइव्ह, फ्लॉपी आणि अडीच इंची डिस्कना एम३. एम३ हार्ड डिस्कच्या भोकात सहज जातो, थोडा फिरतो, पण धरत नाही. आणि आपल्याला वाटतं बसला. उलट ६-३२ जोर लावून सीडी ड्राइव्हमध्ये घातला तर तिथले आटे मरतात. ओळखायची सोपी रीत: जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला एक स्क्रू घ्या, दुसरा त्याला आडवा लावून आट्यांत आटे बसतात का पाहा. दोन्ही एकमेकांत नीट रुतले तर प्रकार एकच. मात्र जुन्या डिस्कला पूर्वी कोणी चुकीचा स्क्रू मारला असेल तर तुलना फसते, म्हणून नव्या डिस्कमध्ये तो बोटांनी फिरवून खात्री करा. योग्य स्क्रू पहिले दोन फेरे बोटांनीच गोडीत जातो आणि बाजूला डगडगत नाही.

लांबीही महत्त्वाची. बाजूच्या भोकात स्क्रू साडेतीन मिलिमीटरच्या आसपास आत जावा. अनेक मॉडेलांची कमाल मर्यादा याहून फार पुढे नसते. कॅबिनेटचा पत्रा अर्धा ते पाऊण मिलिमीटरचा, म्हणजे डोकं सोडून साडेचार मिलिमीटरचा स्क्रू पुरतो, ५ मिलिमीटरच्या वर जाऊ नका. आटे ०.८ मिलिमीटरवर असल्यानं चार ते साडेचार फेऱ्यांत स्क्रू घट्ट व्हायला हवा, हे मोजमाप लक्षात ठेवा. लांब स्क्रू दोन प्रकारे घात करतो. भोक आतून बंद असेल तर तो तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण त्याचं डोकं पत्र्याला दाबतच नाही आणि डिस्क सैलच राहते. आणखी जोर लावला तर आटे उखडतात किंवा कवचावर ताण येतो. हाताशी लांबच स्क्रू असतील तर डोक्याखाली एक पातळ वॉशर घाला.

स्क्रूड्रायव्हर फुल्लीचा, नंबर २. टोकाला चुंबक असला तरी बिनधास्त वापरा. डिस्कच्या आतच त्याहून कितीतरी ताकदवान चुंबक असतात. उलट चुंबकी टोकामुळे स्क्रू मदरबोर्डवर पडत नाही. पडलाच तर शोधल्याशिवाय संगणक चालू करायचा नाही, मग कॅबिनेट उलटं करून हलवावं लागलं तरी चालेल. त्या आधी डिस्क तेवढी बाहेर काढा.

डिस्क खणात सरकवताना सर्किटची बाजू खाली आणि जोडणीची बाजू मदरबोर्डकडे. आडवी किंवा कडेवर उभी, दोन्ही चालतं. तिरपी नको. वर एक बारीक छिद्र असतं, ज्याच्याजवळ ते झाकू नये अशी सूचना छापलेली असते. त्यावर पट्टी किंवा स्टिकर येऊ देऊ नका, आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब तिथून सारखा होतो. बाजूला प्रत्येकी तीन भोकं असतील तर पुढचं आणि मागचं वापरा, दोघांत जितकं अंतर जास्त तितकी पकड चांगली. मोठ्या क्षमतेच्या अनेक नव्या डिस्कना मधलं भोक नसतं. तुमच्या २ टीबीला ते बहुधा असेल, पण पुढे कधी ६-८ टीबीची आणाल तेव्हा जुन्या पिंजऱ्याच्या खाचा जुळतात का, हे आधी पाहा.

चारही स्क्रू आधी सैलसर लावून घ्या, मग गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे घट्ट करा. पहिलाच स्क्रू पूर्ण आवळला तर डिस्क किंचित पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि उरलेले तीन भोकांशी जुळत नाहीत. घट्ट म्हणजे किती? हाताची मूठ वळवून नव्हे, अंगठा आणि दोन बोटांत स्क्रूड्रायव्हरची मूठ धरून जेवढं आवळता येईल तेवढं. ॲल्युमिनियमचे आटे लोखंडी स्क्रूपुढे नरम असतात. एका भोकाचे आटे मेलेच तर त्यात मोठा स्क्रू ठोकू नका, शेजारचं भोक वापरा. आणि कॅबिनेटला नवं भोक पाडावं लागलं तर आधी आतलं सगळं बाहेर. ड्रिलचा एक बारीक लोखंडी कीस मदरबोर्डला पुरेसा असतो.

डिस्क सुमारे १४७ मिलिमीटर लांब असते आणि सरळ साटा पिन लावल्यावर मागे आणखी अडीच-तीन सेंटिमीटर लागतात. जुन्या अरुंद कॅबिनेटमध्ये तिथे रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड आडवं येतं. मग केबल वाकवून कोंबण्याऐवजी एका टोकाला काटकोनात वळलेली साटा केबल घ्या.

पिंजरा रिव्हेटचा निघाला तर सीडी ड्राइव्हच्या खणाकडे वळू. तो सव्वापाच इंची, म्हणजे आतून साधारण १४६ मिलिमीटर रुंद असतो. डिस्क १०१.६ मिलिमीटरची. दोन्ही बाजूंना बावीस-बावीस मिलिमीटरची फट भरण्यासाठी धातूच्या कोनपट्ट्यांची जोडी मिळते. दुकानात 'साडेतीन ते सव्वापाच ब्रॅकेट' म्हणून मागा. पट्टी डिस्कला ६-३२ नं लावायची, आणि पट्टी कॅबिनेटला तिच्या आट्यांप्रमाणे, बहुधा एम३ नं. प्लास्टिकच्या ब्रॅकेटपेक्षा धातूचे घ्या, उष्णतेचा मुद्दा वर आलाच आहे. फ्लॉपीचा मोकळा खणही रुंदीला जुळतो, पण त्याच्या खाचा फ्लॉपीच्या भोकांप्रमाणे असल्यानं अनेकदा चारांपैकी दोनच स्क्रू जुळतात.

कंपनीचा तयार संगणक असेल तर हे सगळं थोडं बदलतं. डेलच्या अनेक ऑप्टिप्लेक्स मॉडेलांत डिस्कला प्लास्टिकच्या पट्ट्या लावून ती सरकवायची असते. एचपीच्या बऱ्याच ऑफिस मॉडेलांत मार्गदर्शक स्क्रू डिस्कला लावून ती खाचेत घालायची, आणि जादा स्क्रू पुढच्या प्लास्टिकच्या झाकणामागे लावून ठेवलेले असतात. त्यांच्याकडे चंदेरी म्हणजे ६-३२ आणि काळे म्हणजे एम३ असा संकेत आहे. हे रंग असेंबल्ड कॅबिनेटला लागू नाहीत.

आता वीज. एसएमपीएसमध्ये मोकळी चार पिनांची मोलेक्स असणारच: पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, दोन काळ्या तारा ग्राउंडच्या, म्हणजे परतीच्या. त्यावर मोलेक्स ते साटा अडॅप्टर लावायचा. इथे दहा-वीस रुपये वाचवू नका. या अडॅप्टरचे दोन प्रकार बाजारात दिसतात. एकात साटाच्या पिनचं मागचं प्लास्टिक तारांभोवती ओतून एकसंध केलेलं असतं. दुसऱ्यात तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात आणि मागे एक वेगळी टोपी असते. दुसराच घ्या. ओतीव प्रकारात आतल्या पट्ट्या एकमेकींच्या फार जवळ असतात. ओतताना एखादी सरकली किंवा उष्णतेनं प्लास्टिक मऊ झालं की १२ व्होल्टची पट्टी शेजारच्या पट्टीला भिडते आणि पिन वितळते, प्रसंगी पेटते. हे कित्येक महिने नीट चालल्यावरही होऊ शकतं, म्हणून 'माझं तर चालतंय' या खात्रीला अर्थ नाही.

मोलेक्सच्या पिनचे दोन कोपरे कापलेले असतात, म्हणजे ती उलटी लागू नये. पण स्वस्त, झिजलेल्या पिना जोर लावला तर उलट्याही शिरतात, आणि मग ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्कचं सर्किट तत्क्षणी जळतं. समोरासमोर पिवळ्याला पिवळी तार आली आहे ना, हे पाहूनच दाबा. एक डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते आणि नंतर पाच-आठ वॅटवर येते. त्यामुळे साधा पण धड एसएमपीएस दोन डिस्क सहज पेलतो. एका अडॅप्टरला दुसरा, त्याला तिसरा अशी माळ मात्र लावू नका. बटण दाबताच संगणक सुरू होऊन लगेच बंद पडत असेल किंवा डिस्क फिरता फिरता 'टक' करून थांबत असेल, तर संशय आधी एसएमपीएसवर घ्या.

जाता जाता: सर्व्हरमधून काढलेल्या मोठ्या डिस्क स्वस्तात मिळतात. त्यांतल्या काही साटाच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की सुरूच होत नाहीत, तशी त्यांची रचनाच असते. मोलेक्सवरून ३.३ व्होल्ट येतच नाहीत, त्यामुळे वरचा अडॅप्टर तिथे औषधासारखा उपयोगी पडतो.

साटाच्या डेटा केबलचा रंग कुठलाही असो, फरक नाही. खटक्याची पट्टी असलेली घ्या, ती आपोआप निसटत नाही. एक मीटरपर्यंतची चालते, कॅबिनेटमध्ये अर्धा मीटर पुरते. ताणून लावू नका, टोकाशी करकचून दुमडू नका आणि प्रोसेसरच्या पंख्यात जाणार नाही अशी केबल टायनं बांधा. काढताना खटका दाबून सरळ मागे ओढायची, वर-खाली हलवून नाही.

जी३१ सोबत सहसा आयसीएच७ ही चिप असते आणि तिला साटाच्या चार जागा असतात. जुनी डिस्क आहे त्याच जागी ठेवा, नवी पुढच्या मोकळ्या जागेत. सुरू केल्यावर 'डिस्क बूट फेल्युअर' असा संदेश आला तर घाबरू नका. नवी डिस्क दिसताच काही बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारी बोर्डवरची प्रणाली) तिलाच पहिला मान देतात. बायोसमध्ये हार्ड डिस्कचा क्रम पाहून १६० जीबी वर आणा. या चिपच्या साध्या आवृत्तीत एएचसीआय, म्हणजे चालू संगणकात डिस्क बदलू देणारी सोय, नाही, म्हणून चालू संगणकात डिस्क काढ-घाल करण्याचा विचार करू नका.

२ टीबी या बोर्डवर अडचणीशिवाय चालते. डिस्कचे विभाग नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीची मर्यादा साधारण २.२ टीबी आहे, त्याच्या आत तुम्ही आहात. विंडोज तिची क्षमता १८६३ जीबीच्या आसपास दाखवेल. ते मोजण्याच्या पद्धतीमुळे, काही चोरीला गेलेलं नाही. अजून विंडोज एक्सपी वापरत असाल तर एक काळजी घ्या. नव्या डिस्कमधले खरे सेक्टर (माहिती साठवायचे सर्वांत लहान तुकडे) ४०९६ बाइटचे असतात आणि एक्सपी पहिला विभाग जुन्या ५१२ बाइटच्या हिशेबानं ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. ते जुळत नाही आणि लिहिणं मंदावतं. विभाग पाडायचं काम विंडोज ७ किंवा त्यापुढच्या संगणकावर करून आणा.

याहूनही जुना, रुंद पट्टी केबलचा आयडीई संगणक असलेल्यांसाठी थोडक्यात: ८० तारांची केबल, लांबी १८ इंचांच्या आत, निळं टोक बोर्डला, काळं मास्टरला (पहिल्या डिस्कला), मधलं करडं स्लेव्हला (दुसऱ्या डिस्कला). दोन्ही डिस्कवरचे जंपर (पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोप्या) एकमेकांशी सुसंगत हवेत. सुरुवातीच्या साटा बोर्डांपैकी व्हायाच्या व्हीटी८२३७ सारख्या चिपना वेगवान डिस्क दिसतच नाही. डिस्कवर वेग १.५ गिगाबिटवर आणणारा जंपर असेल तरच ती तिथे चालते.

झाकणं लगेच लावू नका. संगणक सुरू करून डिस्कवर बोट ठेवा: एकसारखी मंद थरथर ठीक, पत्र्याची खडखड आली तर कुठला तरी स्क्रू किंवा सैल पत्रा वाजतोय. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम टाकून डिस्कनं स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवलेल्या नोंदी पाहा. नव्या डिस्कचे चालू तास शून्याच्या आसपास असावेत. हजारोंत असतील तर ती नवी म्हणून विकलेली जुनी आहे, परत करा. मग पूर्ण फॉरमॅट करा, म्हणजे 'क्विक' समोरची खूण काढून. विंडोज ७ पासून पुढे यात प्रत्येक सेक्टरवर लिहिलं जातं, २ टीबीला चार ते सहा तास लागतात. विभाग पाडताना आणि फॉरमॅट करताना क्षमता वाचून डिस्क निवडा, १६० वर चुकून क्लिक नको. संपल्यावर नोंदींमध्ये ०५ (बदललेले खराब सेक्टर) आणि सी५ (संशयित सेक्टर) यांचे मूळ आकडे शून्य असायला हवेत. सी७ चा, म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेल्या माहितीचा, आकडा वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल किंवा तिची जोडणी दोषी आहे. केबल बदलली की आकडा आहे तिथे थांबतो, मागे जात नाही.

याच वेळी तापमान पाहा, कारण डिस्क तासन्‌तास राबलेली असते. ४५ अंशांपर्यंत निवांत राहा. ५० च्या वर सतत जात असेल तर उपाय करा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच ४० वर असते, तेव्हा हा आकडा थंडीत मोजून समाधान मानू नका. दोन डिस्कमध्ये एक खण रिकामा सोडता आला तर सोडा. पुढच्या बाजूला ८० किंवा १२० मिलिमीटरच्या पंख्याची जागा बहुतेक कॅबिनेटमध्ये रिकामी पडलेली असते. तिथे पंखा लावा, हवा आत येईल असा. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात तिकडून हवा बाहेर पडते, म्हणून ती बाजू डिस्ककडे. पुढच्या जाळीवरची धूळ काढल्याशिवाय पंखा लावून उपयोग नाही.

राहिला जुन्या १६० जीबीचा प्रश्न. तिच्यावर विंडोज असेल तर ती तूर्त तिथेच राहू द्या, पण ०५ आणि सी५ दर महिन्याला पाहा. आकडा शून्यावरून हलला की तिच्यावर काही नवं ठेवू नका आणि विंडोजसाठी छोटी एसएसडी घ्या. फोटो दोन्ही डिस्कवर असले तरी त्यांना दोन प्रती समजू नका. दोन्ही एकाच एसएमपीएसवर आहेत, आणि तो बिघडून जास्त व्होल्ट सोडायला लागला तर दोन्ही एकाच वेळी जातील. एक प्रत कॅबिनेटच्या बाहेर हवी. १६० मोकळी झाली तर तीच वापरा: संगणक बंद केल्यावर पंधरा सेकंद थांबून, तबकडी पूर्ण थांबल्यावर ती काढा, नव्या डिस्कच्या चंदेरी पिशवीत घाला, वर तारीख लिहा आणि कोरड्या कपाटात ठेवा. वर्षातून एकदा लावून फोटो उघडतात का ते पाहा.